नाही म्हणायचं नाही

"रूट कॉजच्या रकान्यात ताईचं नाव टाकून देतो सर. विषय संपला."

"टाक ना. शेठसमोर एकदा माफी मागाले लावू, आन् एक तारखेपासून बंद. तिले काय फरक पडते."

मी पॅन्ट्रीच्या दाराशी बाटलीत पाणी भरत होते. आत सर आणि आमचा प्रॉम्प्ट लीड चहाचे कप घेऊन उभे होते. दोघांनीही मला पाहिलं आणि दोघेही बोलत राहिले. माझ्यासमोर लोक काहीही बोलतात. दोन वर्षांत मी मीटिंगमध्ये तोंड उघडलं असेल ते "येस" आणि "शुअर" एवढ्यापुरतं. इंग्रजी शाळेतली मुलगी गप्प बसली की लोक तिला समजूतदार म्हणतात. ताई गप्प बसल्या की त्यांना काही कळत नाही, असं ठरतं. गप्प दोघी सारख्याच असायचो.

बाटली भरून पाणी हातावर सांडलं तेव्हा मी नळ बंद केला आणि जागेवर जाऊन बसले. ताई समोरच्या टेबलावर होत्या. आपल्या लांबट वहीत काहीतरी लिहीत होत्या. त्यांना अजून काही माहीत नव्हतं.

आमचं ऑफिस प्रताप नगरात, एका फिजिओथेरपीच्या दवाखान्याच्या वर. खाली लोक गुडघे घेऊन येतात, वर आम्ही दुकानदारांना एजंट बनवून देतो. एजंट म्हणजे माणूस नाही. दुकानाच्या मोबाइलवर गिऱ्हाइकांचे मेसेज येतात, त्यांना दुकानाच्या नावाने उत्तरं देणारा प्रोग्राम. आणि प्रॉम्प्ट म्हणजे त्या प्रोग्रामसाठी लिहिलेलं सूचनांचं पत्रक. तू कोण, दुकान कुठे, माल कोणता, काय सांगायचं, काय नाही सांगायचं. प्रत्येक उत्तर देण्याआधी प्रोग्राम ते पत्रक पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो. आमच्या ऑफिसात ते पूर्ण वाचणारे दोघंच होते. एक तो प्रोग्राम आणि एक मी.

मला घेतलं ते इंग्रजीसाठी. मुलाखतीत सरांनी माझा बायोडेटा उलटा धरून विचारलं होतं, "कॉन्व्हेंट ना? बस्स." तेव्हापासून प्रॉम्प्ट सांभाळणं हे माझं काम. सांभाळणं म्हणजे लोकांनी त्यात जे टाकलं असेल ते तपासून, नीट करून चालू ठेवणं. हुद्दा मात्र लीडकडे होता. त्याने कुठल्यातरी दोन दिवसांच्या ऑनलाइन कोर्सचं सर्टिफिकेट फ्रेम करून खुर्चीमागे लावलं होतं.

गांधीबागेतलं साड्यांचं होलसेल दुकान हे आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. त्यांचा प्रॉम्प्ट माझ्याकडे आला तेव्हा एकोणीस पानांचा होता. पहिली ओळ होती, तू जगातला सर्वोत्तम साडी-विक्रेता आहेस. दुसरी, खोल श्वास घे आणि टप्प्याटप्प्याने विचार कर. श्वास कोण घेणार होतं देव जाणे. पुढे अर्धं पान सरांच्या कंपनीची दूरदृष्टी, जी साडी घ्यायला आलेल्या बाईला सांगायचीही नव्हती. मग नियम. नियमांखाली नियम. ऑफिसची रीतच अशी होती की तक्रार आली की एक ओळ वाढवायची. तक्रार मोठी असेल तर ओळ मोठ्या अक्षरांत. त्याहून मोठी असेल तर शेवटी तीन उद्गारचिन्हं. आधीची ओळ काढायची मात्र कोणी नाही, कारण ती कोणाची तरी असायची. गिऱ्हाइकाला दादा म्हण, असं पान चारवर होतं. गिऱ्हाइकाला दादा म्हणू नको, असं पान अकरावर. बायांना दादा म्हटल्याची तक्रार आली होती, म्हणून. पान चारवरचं कोणी काढलं नव्हतं. त्यामुळे एजंट एकाच मेसेजमध्ये "दादा" म्हणून सुरुवात करायचा आणि "मॅडम" म्हणून संपवायचा.

पान सोळावर लीडने स्वतः लिहिलेली एक ओळ होती. "तू चूक केलीस तर एका गरीब विधवा बाईची नोकरी जाईल. तिच्यावर दया कर."

मी त्याला विचारलं होतं, ही बाई कोण? माझ्या मानाने हा मोठाच प्रश्न होता.

"कोणी नाही यार. इमोशनल प्रॉम्प्टिंग. व्हिडिओत पाह्यलं मी. मशीनले थोडं भावनिक केलं की ते सीरियसली घेते."

"फरक पडला?"

"पडतेच ना. फील येतो."

आमच्या ऑफिसात कामाची पावती ही अशी. फील येतो.

ताई या प्रॉम्प्टसोबतच आमच्याकडे आल्या होत्या. अकरा वर्षं त्या याच गांधीबागेच्या दुकानात फोन घ्यायच्या. सक्करदऱ्याहून सकाळी यायच्या, गादीच्या मागच्या कोपऱ्यात स्टुलावर बसायच्या, आणि भिवापूर, उमरेड, काटोल, रामटेक, जिथे जिथे म्हणून छोटं साडीचं दुकान किंवा घरात पेटी ठेवून साड्या विकणारी बाई आहे, तिथले फोन घ्यायच्या. एजंट बसवल्यावर त्यांचं स्टूल रिकामं झालं. शेठने सरांना सांगितलं, "बाईले तुमच्याकडे ठेवा, तिले सारे गिऱ्हाईक ठाऊक आहे." सरांनी त्यांना रिव्ह्यूअर केलं. काम एवढंच की सकाळी येऊन आदल्या दिवशीचे सगळे संवाद वाचायचे आणि जिथे एजंट चुकला असेल तिथे खूण करायची. ताई खूण करायच्या नाहीत, वहीत लिहायच्या. मराठीत, शाईच्या पेनाने, तारीख टाकून. त्या वहीचा आमच्या सिस्टिममध्ये काही रकाना नव्हता, म्हणून ती कोणी वाचत नव्हतं.

मी वाचायला लागले ते कंटाळून. एकोणीस पानांचं काय करावं समजत नव्हतं आणि लीडचं म्हणणं होतं की वीस करू. ताईंच्या वहीत मला पहिल्यांदा त्या दुकानाबद्दल काही कळलं. "बाई विचारते रंग जाईल का. हा म्हणतो उत्कृष्ट प्रतीचा रंग आहे. रंग जाते का नाही ते सांग ना बाबा." असं एकेक. दोन आठवडे मी त्यांच्याजवळ खुर्ची ओढून बसत होते. त्या आधी मला मॅडम म्हणायच्या, मग अगं म्हणावं तसं वं म्हणायला लागल्या.

"हे पाह्य वं," त्या म्हणाल्या होत्या, "माल नसला ना, तर आधीच सांगाचं नाही म्हणून. पण नाही म्हणून फोन नाही ठेवाचा. आता नाही आहे, बुधवारले येते, तवरिक हा दुसरा काठ पाह्य, फोटो टाकते. असं. त्या बाईले समजलं पाहिजे नाही आहे म्हणून, आन् वाईटबी नाही वाटलं पाहिजे. खोटं हो म्हणशीन तर थे पोरगं कडेवर घेऊन येते एसटीनं. मंग?"

मी ते जवळजवळ तसंच इंग्रजीत लिहिलं. मालाची, वेळेची, सुट्टीची गोष्ट असेल तर आधी खरं सांग, नसेल तर नाही हे स्पष्ट सांग, मग काय होऊ शकतं ते सांग. यादीत नसलेलं काही कबूल करू नको. माहीत नसेल तर दुकानातल्या माणसाकडे दे. एकोणीस पानांची तीन झाली. श्वास गेला, दूरदृष्टी गेली, विधवा बाईही गेली. पंधरा दिवस ताईंच्या वहीत ओळी कमी कमी होत गेल्या. एका दिवशी नुसती तारीख होती आणि पुढे "ठीक". दोन वर्षांत माझ्या कामाला मिळालेली ती एकच दाद, आणि ती मला दाखवण्यासाठी लिहिलेली नव्हती.

सरांना तीन पानं आवडली नाहीत. "क्लायंटला दाखवायला काही दिसत नाही यात," असं त्यांचं मत. पण चालू होतं म्हणून त्यांनी राहू दिलं.

मग तो गुरुवार. सर एका रिसेप्शनला होते. तिथे त्यांना शेठचा फोन आला. नेमकं काय बोलणं झालं ते मला नंतर सरांच्याच तोंडून तीनदा ऐकायला मिळालं, दर वेळी थोडं वाढून. मुद्दा एवढा, की कोणा जुन्या गिऱ्हाइकाने शेठला टोमणा मारला की तुमचं मशीन नाही म्हणते, आणि शेठ सरांना म्हणाले, "आपल्या दुकानात नाही म्हणायचं नाही, ही आपली पद्धत आहे."

अकरा वर्षं ती पद्धत ताईंची होती. "नाही" तर त्या रोज म्हणायच्या, दिवसातून पन्नास वेळा म्हणत असतील, पण गिऱ्हाईक नाराज व्हायचं नाही, म्हणून शेठला वाटायचं की आपल्याकडे नाही म्हणतच नाहीत. हे विचारायला सरांना कोणाला फोन करायची गरज नव्हती. ताई रोज त्यांच्या केबिनसमोरून जायच्या. पण सरांच्या मोबाइलवर चालू प्रॉम्प्ट थेट बदलायची सोय होती. एका हातात आइस्क्रीमची वाटी असताना जेवढं टाइप होईल तेवढं त्यांनी टाइप केलं आणि अगदी वर, पहिल्या ओळीच्याही वर, टाकलं. मोठ्या अक्षरांत. ग्राहकाला कधीही नाही म्हणू नकोस, नेहमी होकारार्थी उत्तर दे, हा नियम बाकी सगळ्या नियमांच्या वर आहे. तीन उद्गारचिन्हं.

आणि विश्वास बसणार नाही, पण लीडने ते पाहून त्याखाली विधवा बाई परत आणून ठेवली. "सरांनी टच केलंच आहे, तर म्हटलं स्ट्राँग करून टाकू."

शुक्रवारभर एजंट हो म्हणत राहिला.

शनिवारी सकाळी ताईंनी शुक्रवारचे संवाद वाचले आणि वही घेऊन माझ्याकडे आल्या. "हा असा काहून करून राहिला वं? पाह्य. साऱ्याइले रविवारी या म्हणून राहिला. रविवारी दुकान बंद राह्यते."

मी पाहिलं. मग प्रॉम्प्ट उघडला आणि वरची ओळ पाहिली. प्रॉम्प्टच्या बाजूला इतिहासाची एक पट्टी असते. कोणी, कधी, काय बदललं, सगळं त्यात दिसतं. तिथे सरांचं नाव होतं, गुरुवार संध्याकाळची वेळ होती.

ती ओळ काढायला मला तीन सेकंद लागले असते. मी काढली नाही. सरांची ओळ कोणी काढत नाही. फोन करून सांगायला एक मिनिट लागलं असतं. फोनवर बोलायचं म्हटलं की माझं वाक्य आधी डोक्यात तीनदा तयार होतं आणि तोवर समोरची वेळ निघून जाते, हे मी स्वतःला बरीच वर्षं सांगत आले आहे. मी त्या ओळीशेजारी एक कॉमेंट लिहिली. अजून आठवते. "जस्ट फ्लॅगिंग, धिस माइट नीड अ सेकंड लुक व्हेन यू हॅव टाइम. नो रश!" वीस मिनिटांनी लीडने त्यावर अंगठ्याची इमोजी टाकली. मी ताईंना म्हटलं, "सांगितलंय मी."

"हो का? बरं झालं," त्या म्हणाल्या आणि वहीत माझ्यासमोर, माझ्या नावापुढे लिहिलं. सांगितलं.

इतका वेळ मी लीडबद्दल आणि सरांबद्दल जे लिहिलं ते खरंच आहे, पण "नो रश" लिहिणाऱ्या मुलीबद्दल माझं मत त्यांच्याबद्दलच्या मतापेक्षा बरं नाही.

रविवारी सात जण गांधीबागेत आले आणि बंद शटरसमोर उभे राहिले. सोमवारी सकाळी शेठचा फोन आला. चूक कोणाची ते दुपारी समोर येऊन सांगा, नाहीतर मशीन उचलून न्या. त्यानंतर पॅन्ट्रीत जे ठरलं ते मी वर सांगितलं आहे.

दुपारी आम्ही सरांच्या गाडीतून निघालो. सर चालवत होते, लीड पुढे लॅपटॉप उघडून बसला होता, मागे मी आणि ताई. रहाटे कॉलनीच्या सिग्नलला सरांनी आरशातून मागे पाहिलं.

"ताई, तिथी जास्त काही बोलायचं नाही आपल्याले. शेठ विचारतीन. तुम्ही म्हणजा, माझ्या नजरेतून सुटलं."

"सुटलं नाही ना पण सर."

"अहो हो, पण म्हणाचं. शेठ तुमच्या घरच्यासारखे आहेत. तुमच्यावर नाही रागावणार ते."

"आन् मंग?"

"मंग काही नाही. पाहू ना."

"फॉर्मॅलिटी आहे ताई," लीड मागे न वळता म्हणाला. "प्रत्येक इन्सिडंटले एक ओनर लागते."

ताईंच्या मांडीवर कापडी पिशवी होती आणि पिशवीत वही. मी वाट पाहत होते की त्या आता म्हणतील, मी शनिवारीच सांगितलं होतं, या मॅडमला. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग खिडकीबाहेर पाहायला लागल्या. थोड्या वेळाने पुटपुटल्यासारखं म्हणाल्या, "तुले थंडी वाजून राहिली का वं? एसी कमी कराले सांगू?"

एक तारखेपासून बंद, हे त्यांना अजूनही माहीत नव्हतं. गाडीत हे माहीत नसलेल्या त्या एकट्या होत्या.

दुकानात चपला काढून आम्ही पांढऱ्या गादीवर बसलो. सरांना मांडी घालता येत नाही, ते पाय एका बाजूला काढून अवघडून बसले. लीडने लॅपटॉप उघडला. मागच्या कोपऱ्यात ताईंचं स्टूल अजून होतं. त्यावर आता एजंटचा मोबाइल चार्जिंगला लावलेला होता. ताईंनी तिकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली.

शेठनी चहा सांगितला नाही. गांधीबागेत याचा अर्थ लहान मुलालाही कळतो. त्यांनी चष्मा वर केला आणि आपल्या मोबाइलमधून वाचायला लागले. भिवापूरच्या एका बाईचा संवाद होता. घरून साड्या विकणारी, चौदा वर्षांची गिऱ्हाईक.

"रविवारी दुकान चालू आहे काय? हो, नक्की! आपले स्वागत आहे." शेठ एका सुरात वाचत होते. "मी भिवापूरवरून येते, नीट पाहून सांगा. हो, नक्की या! शेठ राहतीन का? हो, शेठ स्वतः आपली वाट पाहतील." त्यांनी वर पाहिलं. "मी कुठी होतो रविवारी? मी अमरावतीले होतो, साळीच्या घरी." पुन्हा वाचायला लागले. "सासूबाई सोबत आहेत, त्यांचे पाय दुखतात, बसायची सोय आहे का? हो, उत्तम सोय आहे! जेवण? हो, जेवणाचीही सोय आहे!"

लीडच्या तोंडून हसू निसटलं. ते त्याने खोकल्यात लपवलं.

"हसा, हसा," शेठ म्हणाले. "थे म्हातारी तीन वाजेपर्यंत त्या पायरीवर बसून होती. बाजूच्या पानवाल्यानं पाणी पाजलं. मले आता सांगा, हे कोणी केलं? मशीननं केलं म्हणू नका. मशीनले कोणी तरी सांगतलं असन."

"शेठजी, आम्ही पूर्ण अॅनालिसिस आणलं आहे," सर म्हणाले. लीडने स्क्रीन वळवली. रंगीत चौकोन होते, बाण होते. शेवटच्या चौकोनात लाल अक्षरांत लिहिलं होतं, ह्यूमन रिव्ह्यू मिस. "सिस्टिम बरोबर होती. पण रोजची तपासणी जी आहे, ती मॅन्युअल आहे, आणि तिथे माणसाकडून... म्हणजे आता वयही असतं, स्क्रीनची सवय नसते. त्या व्यक्तीला आम्ही या महिन्यानंतर कंटिन्यू करणार नाही. यू हॅव माय वर्ड."

असं कळलं ताईंना. गादीवर, चौकोनातून, अर्धं इंग्रजीत. त्यांना "कंटिन्यू" कळला की नाही या विचारात मी होते. मग त्यांचा हात पिशवीवर घट्ट झालेला दिसला. कळला होता.

शेठ स्क्रीनकडे पाहतच नव्हते. "कोण व्यक्ती?" त्यांनी विचारलं, आणि मग त्यांना उमगलं. ते वळले. "तू?"

ताई उठून उभ्या राहिल्या. या दुकानात शेठसमोर बसून बोलायची त्यांना सवय नसावी. "शेठजी," त्या म्हणाल्या, "माझ्या नजरेतून..." आणि थांबल्या. पुढचा शब्द त्यांना गाडीतच दिलेला होता. तो त्यांच्या तोंडून येईना.

"तुझ्या नजरेतून काय?" शेठ म्हणाले. "अकरा वर्षं त्या स्टुलावर बसली तू. एकाले चुकीच्या दिवशी बोलावलं का कधी? बोल ना आता. काहून चूप आहे?"

"बोला ताई, घाबरू नका," सर मऊ आवाजात म्हणाले.

तो मऊ आवाज मला चांगला माहीत आहे. अप्रेझलच्या वेळी तोच असतो. मला त्या क्षणी सरांचा राग आला असं म्हणता येणार नाही. राग यायला समोरचा माणूस थोडा तरी मोठा वाटावा लागतो. पाय एका बाजूला काढून बसलेला, स्वतःच्या एका ओळीमागे एका बाईला उभं करणारा तो माणूस मला फार लहान दिसला. त्याच्या शेजारी चौकोनांचे रंग निवडणारा त्याहून लहान. त्यांनी लिहिलेली विधवा बाई अजूनही प्रॉम्प्टमध्ये होती, मशीनने तिच्यावर दया करावी म्हणून. इथे एक खरी बाई उभी होती आणि तिच्यासाठी त्यांना एकही ओळ सुचत नव्हती. आणि त्या दोघांच्या मागे, गादीच्या अगदी कडेला, पाठ भिंतीला लावून मी बसले होते. कुठल्याही मीटिंगमध्ये मी असंच बसते, कोणाला विचारावंसं वाटू नये अशा जागी.

ताईंनी पिशवीतून वही काढली. मला वाटलं उघडतील. शनिवारच्या पानावर सगळं होतं. त्यांनी वही उघडली नाही, नुसती दोन्ही हातांत धरून उभ्या राहिल्या. ते पान उघडलं असतं तर त्यावर माझंही नाव निघालं असतं. सांगितलं, असं त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलेलं.

डोक्यात वाक्य तयार होत होतं. पहिल्यांदा इंग्रजीत झालं, नीटनेटकं, "माय अंडरस्टँडिंग इज" वगैरे असलेलं. ते मी सोडून दिलं. ते ताईंना अर्धंच कळलं असतं, आणि सरांनी ते कुठल्यातरी चौकोनात बसवलं असतं.

"शेठजी," मी म्हटलं. आवाज इतका बारीक निघाला की शेठनी कानाजवळ हात नेला.

"काय म्हणते पोरगी? जोरानं बोल."

सर हसून म्हणाले, "ती आमची प्रॉम्प्टवाली. शाय आहे. आपण हे नंतर ऑफलाइन..."

मी लीडच्या पुढ्यातला लॅपटॉप माझ्याकडे ओढला. त्याने कोपरा धरून ठेवला, मग सोडला. मी प्रॉम्प्ट उघडला, बाजूची इतिहासाची पट्टी उघडली आणि स्क्रीन शेठकडे वळवली. पण शेठचा चष्मा कपाळावर होता, आणि त्या बारीक अक्षरांत त्यांना काही दिसणार नव्हतं. कोणीतरी वाचून दाखवायला हवं होतं.

"ताईंची चूक नाही," मी म्हटलं. "कधी नाही म्हणू नको, ही ओळ सरांनी गुरुवारी संध्याकाळी टाकली, इथे त्यांचं नाव आहे. रविवारी दुकान बंद असतं हे ताईंनी शनिवारी सकाळी सांगितलं होतं, मला सांगितलं होतं, आणि मी ते कोणालाही सांगितलं नाही."